पेटवण्याआधीची फेरी

एप्रिल लागला की फ्लिंट हिल्स नावाच्या कुरणांच्या टेकड्यांमधल्या माणसांच्या कपड्यांना, केसांना, चर्चच्या बाकांनासुद्धा धुराचा वास येतो आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. जुनं गवत जाळलं नाही तर गुरांना कोवळं मिळायचं नाही, आणि बघता बघता सगळ्या टेकड्या सीडरची झुडपं गिळून टाकतील, हे तिथल्या पोरांना दुधाच्या दातांबरोबरच कळतं. टॅरिनलाही कळत होतं. ती काही बाहेरून आलेली नव्हती. दोन गावं सोडून पलीकडे तिचं माहेर. लहानपणी ओलं पोतं घेऊन आगीच्या कडेकडेनं ती कितीदा चालली होती. कॉलेजपुरती काय ती बाहेर राहिली, तेवढंच. म्हणून पुढे लोक जेव्हा ‘पोरगी घाबरली बिचारी’ असं म्हणायला लागले, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुरुवात झाली ती सायकलीपासून. सासऱ्याच्या कुरणाच्या उत्तर हद्दीवरून पूर्वी मालगाडी जायची. ती बंद पडली, रूळ उचलून नेले, आणि उरलेल्या बांधावर चुनखडीची बारीक खडी पसरून सायकलवाल्यांसाठी वाट केली. दमानं गेलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन दिवस लागावेत एवढी लांब. लग्न होऊन आल्यापासून टॅरिननं ती वाट फक्त आडवी ओलांडली होती, पिकअपमधून, मागच्या सीटवर किराणा किंवा रडणारं पोर घेऊन. दाराशी असलेला रस्ता आपण उभा कधी पाहिलाच नाही, हे तिच्या मनात घर करून बसलं. चार वर्षांच्या ओपलला मागे जोडायच्या छोट्या गाडीत घालून तीन दिवसांत सगळी वाट पार करायची, असं तिनं हिवाळ्यातच ठरवून टाकलं. नवरा कोल्बी म्हणाला, जा की. एवढंच म्हणाला, पण चाकांना तेल त्यानंच घातलं.

सासरा एल्डन त्या वाटेला अजून ‘रेल्वे’च म्हणायचा. सायकलवाल्यांशी त्याचं वैर नव्हतं. कुणी तहानलेला दारात आला तर नळाची नळी हातात द्यायचा, हवापाण्याच्या दोन गोष्टी करायचा. पण तो त्यांना धरायचा नाही हिशेबात. त्याच्या लेखी ती वाट म्हणजे गवत नसलेला पट्टा, आग अडवायला आयती रेघ. त्याच्या बापानंही तिथूनच कुरण पेटवलं होतं. तेव्हा सकाळची मालगाडी गेली की दिवसभर रेघ मोकळी. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं आणि काडी लावायची. मालगाडी बंद होऊन जमाना लोटला. डावीकडे-उजवीकडे बघणं तेवढं राहिलं.

रविवारच्या जेवणाला टॅरिननं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की मंगळवारी दुपारच्या सुमाराला आम्ही आपल्याच कुरणाच्या कडेनं जाणार. ओपल म्हणाली, आजोबा, मी तुम्हाला हात हलवणार. बटाट्यांवर ग्रेव्ही ओतता ओतता एल्डन म्हणाला, मग मीही हलवीन.

पहिला दिवस नुसता वाऱ्याचा होता. दक्षिणेचा वारा कुशीत ढोसण्या मारत राहिला. दूर धान्याचं पांढरं कोठार दिसे आणि दिसतच राही. पायडल मारून मारून मांड्या भरून आल्या तरी ते तसूभर जवळ येईना, आणि मग अचानक त्याच्या सावलीतून वाट गेली. मेडोलार्क पक्षी कुंपणाच्या खांबाखांबावर बसून ओरडत होते. टॅरिन दर थोड्या वेळानं मागे वळून बघायची: टोपी आहे ना, पट्टा घट्ट आहे ना, ओपल गप्प का झाली. ओपल झोपलेली असायची. संध्याकाळपर्यंत टॅरिनच्या मानेला रग लागली, पण बाईच्या तोंडावरचं हसू जाईना. इतकं मोकळं आभाळ आणि त्याच्याखाली आपल्या पायांनी चाललेली आपली दोघींची गाडी. आपल्याला एवढं येतं, हे तिला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सासऱ्याच्या कुरणाच्या कडेला आल्यावर, ती वाट ओलांडणाऱ्या दोन सडकांच्या साधारण मध्ये असलेल्या लाकडी पुलापाशी थांबली. खाली ओढा होता आणि ओपलला त्यात खडे टाकायचे होते. पूर्वेला धूर दिसत होता. असायचाच, त्या दिवसांत धूर दिसला नाही तर माणसं विचारतात, आज काय झालं? टॅरिननं पाण्याची बाटली उघडली, सहज मागे पाहिलं, तर पश्चिमेलाही धूर.

काय चाललंय ते तिला सांगायला कुणाची गरज नव्हती. कोल्बी त्या दिवशी गुरं घेऊन बाजाराला गेलेला, म्हणजे एका टोकाला एल्डन आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी शेजारी. दोन माणसं दोन सडकांवरून निघतात, हातातल्या, पेटतं तेल ठिबकणाऱ्या मशालीनं वाटेच्या कडेचं गवत पेटवत एकमेकांकडे येतात. मधोमध भेटतात, टोप्या मागे सारतात, थर्मासमधली कॉफी पितात. त्या मधोमध ओपल ओढ्यात खडे टाकत होती.

कुरणातली आग वाऱ्याविरुद्ध हळू सरकते, ती एक वेळ परवडली. पण रेल्वेच्या बाजूच्या चरांना कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता. तिथं माणसाच्या वर गवत गेलेलं, मधेमधे सीडर, तेलानं भरलेली. आणि वारा दक्षिणेचा, म्हणजे सगळा धूर वाटेवरच येणार. टॅरिननं सायकल तिथंच सोडली. ओपलला काखोटीला मारलं, उत्तरेकडचा चर उतरून काटेरी तारेवर आपलं जाकीट टाकलं आणि पोरीला पलीकडे उतरवलं. स्वतः ओलांडताना तळहात फाटला, तो तिला संध्याकाळी कळला. पलीकडे शेजाऱ्याचा गहू होता, वीतभर, हिरवागार. हिरवा गहू जळत नाही. त्याच्या मधोमध जाऊन ती आगीकडे पाठ करून बसली, ओपलला पोटाशी घेतलं आणि बाटलीतलं उरलेलं पाणी गळ्यातल्या रुमालावर ओतून तो तिच्या नाकातोंडावर धरला. मागे एक सीडर पेटलं, ताडपत्री फाटल्यासारखा आवाज झाला.

रुमालाआडून ओपल म्हणाली, “आई, आजोबा हात कधी हलवणार?”

धूर विरळ झाला तेव्हा तिला एल्डन दिसला. चार चाकांच्या मोटारबाइकवरून येत होता, मशाल बाजूला टांगलेली. पुलापाशी पोचला आणि थांबला. ओपलची गाडी तिथंच होती. तिचं कापड वितळून दांड्यांना चिकटलं होतं, सायकलचे टायर फुटले होते. एल्डन गुडघ्यांवर बसला आणि त्या गरम सांगाड्यात त्यानं दोन्ही हात घातले, खालीवर चाचपत राहिला. टॅरिननं हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा त्यानं वर पाहिलं.

तो तारेपर्यंत आला. चेहरा पिठासारखा पांढरा पडलेला. त्या क्षणी त्यानं काहीही म्हटलं असतं, अगदी काहीच म्हटलं नसतं, तरी टॅरिननं त्याला तारेवरून मिठी मारली असती.

तो म्हणाला, “फोन का नाही केलास?”

टेकड्यांच्या त्या घळीत फोन लागत नाही. हे तिला माहीत होतं, त्याला माहीत होतं, त्या भागातल्या गुरांनाही माहीत असावं.

नंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. आगीपेक्षा माणसांनी जास्त पोळलं. सासू नोरीन सूपचं भांडं घेऊन आली आणि म्हणाली, एल्डनला झोप लागत नाही, उठून अंगणात फिरतो, तू आता त्याला आणखी टोचू नकोस. चर्चमध्ये कॉफीच्या वेळी बायका टॅरिनच्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि विचारायच्या एल्डनबद्दल. बिचाऱ्याच्या काळजाला केवढा धक्का. देवाची कृपा, काही झालं नाही. काही झालं नाही! टॅरिनला वाटायचं, हातातला कप खाली आपटावा आणि विचारावं, म्हणजे किती व्हायला हवं होतं? ओपल रोज विचारायची, माझी गाडी कुठाय. तिला खोकला आला की टॅरिन श्वास रोखून दुसऱ्या खोकल्याची वाट बघायची.

तिला माफी नको होती. निदान तसं ती स्वतःला बजावत होती. तिला एकच गोष्ट हवी होती: पेटवण्याआधी कुणीतरी या सडकेपासून त्या सडकेपर्यंत वाटेनं जाऊन बघायचं, आत कुणी नाही ना. बस्स. जेवणाच्या टेबलावर तिनं ती मागितली. एल्डन म्हणाला, दोन्ही टोकांना पाटी लावू. ती म्हणाली, पाटी बाहेरचा वाचतो, आत असलेल्यानं काय करायचं? तो म्हणाला, सबंध वर्षात त्या दिवशी त्या वेळी तिथं माणूस असण्याची शक्यता किती? ती म्हणाली, माणूस नव्हता, तुमची नात होती. यावर तो उठून बाहेर गेला. नोरीननं ताटं गोळा केली आणि कोल्बी मिठाच्या बाटलीकडे बघत बसला.

घरी आल्यावर तिनं कोल्बीला धारेवर धरलं. तो म्हणाला, अगं, त्यांना वाईट वाटतंय, बोलता येत नाही एवढंच. टॅरिन म्हणाली, फोन का नाही केलास हे कसं छान बोलता आलं? दुसऱ्या दिवशी तिच्या जळक्या सायकलीला त्यानं नवे टायर आणि नवी सीट बसवली आणि गॅरेजच्या दाराशी उभी करून ठेवली. दांड्यावरचा रंग फोडांसारखा फुगलेला होता, तो तसाच.

पश्चिमेचं कुरण अजून जाळायचं होतं. पेटवायजोगी हवा आली तसा निरोप फिरला, आणि सकाळीच शेजारपाजारचे पिकअप पाण्याच्या टाक्या घेऊन सडकेच्या तोंडाशी येऊन लागले. तिथली रीतच तशी: आज ते तुमच्याकडे, उद्या तुम्ही त्यांच्याकडे, आणि ज्याचं कुरण त्याच्याकडे सगळ्यांचं जेवण. नोरीनच्या ओव्हनमध्ये बिअरॉकचे, म्हणजे सारण भरलेल्या पावांचे, ट्रे लागले होते, कोबी आणि खिम्याचा वास अंगणापर्यंत. ओपलला तिच्याजवळ पीठ मळायला बसवून टॅरिन सायकलवर बसली आणि निघाली.

वाटेच्या तोंडाशी मोटारी शिरू नयेत म्हणून दोन खांब रोवले आहेत. त्यांच्या आत, नेमकं जिथं मशाल पहिल्यांदा टेकवायची तिथं, तिनं सायकल आडवी घातली आणि शेजारी खडीवर मांडी घालून बसली.

गेलन सगळ्यात आधी आला. शेजारचा म्हातारा, एल्डनचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं तिच्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं आणि पिकअपच्या फळीवर जाऊन बसला. म्हणाला, “पोरी, पंक्चर झालीय असं म्हण. म्हणजे सगळ्यांचीच अब्रू राहील.”

“पंक्चर नाही झालेली, गेलन.”

“तेच तर वाईट झालं.”

एल्डन मशाल घेऊन आला. पिवळा शर्ट, कातडी हातमोजे, डोळ्यांवर ओढलेली टोपी. त्यानं वारा कुठला आहे ते बघितलं, मग तिच्याकडे. मागे सगळी माणसं उभी होती, आणि कुणीच दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. शेजाऱ्यांना अशा हवेत खोळंबून ठेवणं म्हणजे तिथं चारचौघांत थोबाडीत मारण्यासारखंच. टॅरिनलाही ते कळत होतं. तिनं हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

“ऊठ तिथून,” एल्डन म्हणाला. “हवा दुपारी फिरणार आहे.”

“माहीत आहे. आधी कुणीतरी आत जाऊन बघून या.”

“मी बघितलंय.”

“कुठून?”

त्यानं हातानं वाट दाखवली. जिथवर दिसत होती तिथवर वाट सरळ आणि रिकामी होती, पुढे टेकडीच्या कुशीत वळून दिसेनाशी झाली होती.

“त्या दिवशीही तुम्ही असंच तोंडाशी उभं राहून बघितलं होतं,” टॅरिन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण मागच्या माणसांपर्यंत गेला. “एल्डन, मी आग लावू नका म्हणत नाहीये. माझ्या बापानंही जाळलंय, मीही जाळलंय. गाईला सुरा लावण्याआधीसुद्धा तुम्ही दोनदा बघता, तीच आहे ना म्हणून. आणि इथं? ओपल त्या रविवारी जेवताना तुम्हाला म्हणाली होती, हात हलवणार म्हणून. तुम्ही विसरलात. माणूस विसरतो. म्हणूनच जाऊन बघायचं असतं.”

एल्डननं वॉकीटॉकी उचलली. दुसऱ्या टोकाला कोल्बी होता, चार चाकांची मोटारबाइक आणि दुसरी मशाल घेऊन. एल्डन म्हणाला, तुझी बायको वाटेत बसलीय, तिला समजाव, नाहीतर तू तुझ्या बाजूनं सुरू कर, धूर दिसला की उठेल. हे शेवटचं वाक्य बोलून त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण त्यानं बटण सोडलं आणि खाली बघितलं.

यंत्रातून नुसती खरखर आली. टॅरिनला वाटलं, हा आता मिठाच्या बाटलीकडे बघत असेल.

“डॅड,” कोल्बीचा आवाज आला, “मी पेटवत नाही.”

“काय?”

“कुणीतरी आतून येईपर्यंत मी इथून काडी लावत नाही. आणि मी यायचं म्हटलं तर हे तोंड उघडं राहतं, माझ्यामागून कुणी शिरलं म्हणजे? तुम्हीच या. मी थांबतो.”

गेलननं टोपी काढून डोकं खाजवलं. पिकअप खांबांमधून जात नव्हते. पायी गेलं तर हवा फिरेपर्यंत अर्ध्यातच. खांबांच्या आत चालणारी एकच वस्तू होती, आणि ती खडीवर आडवी पडलेली होती.

एल्डननं त्या सायकलीकडे पाहिलं. फुगलेल्या रंगावर त्याची नजर थांबली. मशाल त्यानं गेलनच्या हातात दिली, वॉकीटॉकी पट्ट्याला अडकवली. टॅरिन उठली, सायकल उभी केली, सीट वर ओढून पक्की केली. तेवढं तिनं केलं. धरून मात्र ठेवली नाही.

धिप्पाड माणूस, पायांत टाचांचे बूट, गुडघे कोपरांना लागताहेत. पहिल्या चार हातांत सायकल दोनदा चराकडे गेली. गेलन मोठ्यानं म्हणाला, “एल्डन, पायडल मार रे, ती आपणहून नाही चालत.” कुणीतरी नाकातून हसलं आणि लगेच खोकलं. मग सायकल सरळ झाली, आणि पिवळा शर्ट लहान होत होत वळणाआड गेला.

वाट बघताना सगळे आपापल्या पिकअपपाशी जाऊन उभे राहिले. एकानं टाकीचा नळ उगाच उघडून बंद केला. आत कुणी सापडावं असं तिला एका क्षणी वाटून गेलं, कुणीही, एखादा परगावचा म्हातारा-म्हातारीचा जोडा, म्हणजे या सगळ्यांची तोंडं बंद होतील. मग तिला त्या विचाराची शरम वाटली आणि रागही आला, की खरं ठरायला आपल्याला आणखी कुणीतरी आगीत सापडावं लागतं.

गेलनच्या कमरेची वॉकीटॉकी बोलली. आधी नुसता श्वास, घोड्यासारखा.

“पोचलो कोल्बीपाशी. आत कुणी नाही,” एल्डन म्हणाला.

माणसांनी टॅरिनकडे पाहिलं. दोघातिघांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं: झालं समाधान? तिनं त्यांच्याकडे तसंच परत पाहिलं.

यंत्र पुन्हा खरखरलं. “वळणाच्या पलीकडचं तिथून काहीच दिसत नाही,” एल्डन म्हणाला. “कुठल्याच टोकाकडून नाही. ओळीनं सीडर आहेत. मधे माणूस बसला असता तर...” बटण सुटलं.

हे तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला होता, आणि त्याला ते माहीत होतं. टॅरिननं ते ऐकून घेतलं, पण ती क्षमा नव्हती. त्या वळणापासून हाकेच्या अंतरावर त्याचा जन्म गेला होता, आणि तिथून दिसत नाही हे कळायला त्याला ओपलची गाडी वितळावी लागली. ती गेलनकडे वळली.

“पेटवा आता. मी या तोंडाशी उभी राहते, कुणाला आत सोडत नाही.”

गेलननं मशाल तिरपी केली. गवतानं पेट घेतला, ज्वाळा चटचटत चरात उतरल्या आणि वाट धुरानं भरली. टॅरिन खांबाशी, सडकेकडे तोंड करून उभी राहिली.

थोड्या वेळानं वॉकीटॉकीतून आवाज आला. “गेलन, तिला विचार, मी परत कसा येऊ? कोल्बी कामाला लागलाय.”

गेलननं यंत्र टॅरिनपुढे धरलं. तिनं बटण दाबलं.

“सडकेनं या,” ती म्हणाली. “उत्तरेकडून वळसा आहे. शेवटच्या पट्ट्यात वारा समोरून लागेल, छाती दांड्यावर टेकवून चालवा. आणि पुढच्या आठवड्यात गेलनचं कुरण आहे, तेव्हा टाचांचे बूट घालू नका.”